रुळांच्या अलीकडे

माझे वडील लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळीकाम करीत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मूळ घर नाणे मावळात, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीत. तिथे भात थोडं, नाचणी-वरई जास्त, आणि खाणारी तोंडं त्याहून जास्त. म्हणून आबा तरुणपणीच लोणावळ्याला आले. बंगल्याच्या मागे विटांची एक खोली होती. आई, आबा, मी आणि माझा पाठचा भाऊ असे आम्ही तिथे राहत होतो.

शेठ मंडळी उन्हाळ्यात येत आणि दिवाळीनंतर पुन्हा काही दिवस येत. एरवी बंगला बंद असे आणि आबा बागेत. पावसाळ्याआधी ते झावळ्यांचे तट्टे विणून खिडक्यांना बांधायचे, कुंड्या ओढून व्हरांड्यात घ्यायचे. कलम बांधताना ते कुणाशी बोलत नसत. हाक मारली तरी नुसतं ‘हूं’ म्हणत. मी शाळेत जायचे, चौथीत होते. आमच्या वाडीतल्या एकाही पोरीनं तोवर पाटी पाहिली नव्हती, आणि मी शिकते याचा आबांना फार अभिमान होता. मी धडा वाचायला बसले की ते विळा पाजवत जवळ येऊन बसायचे. समजत काही नसे, पण उठतही नसत.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेठ मंडळी आली आणि शेठाणीबाईंची चांदीची गुलाबदाणी सापडेना. स्वयंपाक्यानं शोधलं, मोलकरणीनं शोधलं, आबांनी पार विहिरीच्या कडेचं गवतसुद्धा उपसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार आला. आबा वाफ्यात होते. हवालदार काही रागावून बोलला नाही. म्हणाला, ‘‘फौजदारसायबांनी बोलावलंय. जरा येऊन जा.’’

आबांनी हात धुतले, मुंडासं बांधलं आणि त्याच्यामागून निघाले. जाताना आईला म्हणाले, ‘‘आलोच.’’

तो दिवस गेला. दुसरा गेला. आई भाकरी बांधून चौकीवर जायची. दारातच शिपाई फडकं घ्यायचा आणि रिकामं कालचं फडकं परत द्यायचा. आबा दिसायचे नाहीत. मी तिच्याबरोबर एकदा गेले होते. आईनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून विचारलं, ‘‘त्यांनी काय केलंय, भाऊ?’’

‘‘चौकशी चालू हाय.’’

‘‘किती दीस चालंल?’’

‘‘ते सायेब सांगतील. तू जा आता. हितं बायामानसांचं काम न्हाई.’’

आई शेठकडे गेली. शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, ‘‘आता ते माझ्या हातात नाही.’’ ती आमच्या शाळेच्या मास्तरांकडे गेली. ते शिकलेले, त्यांना काही ठाऊक असेल असं तिला वाटलं. मास्तरांनी दार अर्धं उघडूनच ऐकलं आणि म्हणाले, ‘‘सरकारी कामात आपण बोलू नये, बाई. असेल निर्दोष तर सोडतील.’’ मग आई कुणाकडे गेली नाही. चौकीसमोर रस्त्यापलीकडे एक आंब्याचं झाड होतं, त्याखाली ती दिवसभर बसून राहायची. लोक येता-जाता बघायचे. बाजारात सगळ्यांना कळलं होतं की बंगल्याच्या माळ्यानं चांदी चोरली.

आबा परत आले तेव्हा मी खोलीच्या पायरीवर होते. ते पावलांच्या कडांवर चालत होते. तळवे जमिनीला टेकू देत नव्हते. हाताची बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. आईनं पाणी तापवलं. ते पाय पाण्यात घालून बसले. मग म्हणाले, ‘‘बोललो म्या.’’

‘‘काय बोललासा?’’

‘‘घेतली म्हनून.’’

आईचा हात थांबला. ‘‘घेतली व्हती?’’

‘‘न्हाई.’’

एवढंच त्यांचं बोलणं झालं. पुढचं आम्हांला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मार सहन होईना तेव्हा त्यांनी कबूल केलं. कुठे ठेवलीस म्हटल्यावर, दरीत टाकली म्हणून सांगितलं. शिपायांनी त्यांना दरीच्या कडेला नेलं, काट्याकुट्यांत शोधायला लावलं. नव्हतीच तर सापडणार कुठून? शेवटी शेठ म्हणाला, जाऊ द्या, माझं नाव फुकट कोर्टात नको. तेव्हा फौजदारानं आबांना समोर उभं केलं आणि सांगितलं, ‘‘तू स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केलायस. शेठमुळं सुटलास. पण पुन्हा या बाजूला दिसलास, तर ती कबुली तुझ्या गळ्यात आहेच. जन्मभर आत सडशील.’’

आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. स्टेशनवर पोलीस असतात म्हणून गाडीनं गेलो नाही. डोंगराच्या वाटेनं चालत गेलो. आईच्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं होतं, माझ्या काखेत पाटी होती आणि आबा काठी टेकत सगळ्यांच्या मागे. मध्येच ते थांबायचे आणि मागं वळून बघायचे. मला वाटायचं ते बाग बघतात. पण बाग तर केव्हाच डोंगराआड गेली होती. कुणी मागून येतंय का, ते बघत होते.

वाडीत आल्यावर आबांनी चुलत्यांच्या बरोबरीनं शेत धरलं. वाडीतल्या कुणी त्यांना टोचून बोललं नाही. तिथे पोलिसाचा मार ही पटकीच्या साथीसारखी गोष्ट होती, कुणावरही येते, कुणाला दोष द्यायचा? पण आबांनी स्वतःभोवती एक हद्द घालून घेतली. नाणे मावळातून नदी ओलांडली की कामशेत, आणि कामशेतला आगगाडीचे रूळ. फौजदाराचं राज्य रुळांपासून सुरू होतं असं त्यांच्या मनानं घेतलं. रुळांपलीकडे ते कधीच गेले नाहीत. पुढेपुढे तर नदीवरही जाईनात. आठवड्याचा बाजार आई करायची. जंगलखात्याचा गार्ड खाकी कपड्यात वाडीत आला की आबा कारवीच्या रानात शिरून बसायचे आणि तो गेल्याचं कुणी सांगितल्याशिवाय बाहेर येत नसत. पहिल्यांदा पोरं हसली. मग तीही हसेनाशी झाली.

वाडीत शाळा नव्हती. दोन पावसाळे मी गुरांमागे काढले. मग तळेगावच्या आत्यानं मला नेलं, तिच्या घरी राहून मी सातवीची परीक्षा दिली आणि पुढे मास्तरीण झाले. मला न्यायला आत्या आली तेव्हा आबा ओढ्यापर्यंत आले होते. म्हणाले, ‘‘नीट रहा. आन् कुणी इचारलं तर माजं नाव सांगू नगंस.’’

आत्याच्या घरी मी तेच केलं. वडील काय करतात म्हटलं की शेती, एवढंच. माझं लग्न आत्यानं इंदुरीला लावून दिलं. मुलाकडच्यांना सांगितलं होतं की वडील आजारी आहेत. कन्यादान चुलत्यांनी केलं. अक्षता पडत असताना मी आईकडे पाहिलं, ती खाली बघत होती. त्या दिवशी आबा वाडीत काय करीत होते, हे मी पुढे आईला विचारलं. ती म्हणाली, सकाळपासून लाकडं फोडत होते. घरात लाकडं भरपूर होती, तरी.

माझे यजमानही शिक्षक. आम्हां दोघांची नेमणूक वडगावला झाली आणि आम्ही एका वकिलांच्या घरात भाड्यानं खोली घेतली. तालुक्याची कचेरी आणि कोर्ट वडगावलाच, त्यामुळे वकिलांच्या ओसरीवर सकाळपासून खेड्यापाड्यांची माणसं येऊन बसलेली असत. एकदा मी माजघरात वकिलीणबाईंबरोबर तांदूळ निवडत होते. बाहेर वकील एका शेतकऱ्याला खडसावून विचारत होते.

‘‘कबूल केलंस? कुणापुढं?’’

‘‘फौजदारापुढं, सायेब. लय मारलं वो.’’

‘‘मॅजिस्ट्रेटपुढं नाही ना?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग सोड ती कबुली. तिला कोर्टात कवडीची किंमत नाही.’’

माझे हात सुपावर थांबले. वकिलीणबाईंनी विचारलं, काय झालं? मी सूप खाली ठेवलं. शेतकरी गेल्यावर मी बाहेर गेले आणि उभ्या उभ्याच वकिलांना सगळं सांगितलं. घरात आम्ही कधी ज्याचा उच्चार केला नव्हता ते, यजमानांनाही अर्धंच ठाऊक असलेलं. वकिलांनी चष्मा काढून ठेवला. कोरडा माणूस, पण ऐकून घेतलं.

मग म्हणाले, ‘‘बाई, पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरत नाहीत. हा कायदा आजचा नाही, इंग्रजानंच केलेला आहे, तुमचे वडील जन्मले त्याच्याही आधीचा. माणसाला पकडलं तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतं. आणि एखाद्या गावात येऊ नको असं सांगायला फौजदार कोण? तसा हुकूम द्यायचा तर वरून द्यावा लागतो, कारण दाखवून, लेखी. यांच्यावर खटला तरी झाला होता का, ते बघतो मी.’’

त्यांनी कोर्टात विचारपूस केली. खटला नव्हता. कधी झालाच नव्हता. आबांचं नाव कुठेच नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या रात्री मला आंब्याखाली बसलेली आई दिसत राहिली. लोणावळ्याहून वडगाव काही परमुलूख नव्हे, चार स्टेशनं. माझा नवरा चौकीत आहे, त्याला पुढं आणा, एवढं एक वाक्य कोर्टात येऊन सांगायचं होतं. तिला ते वाक्य ठाऊक नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं. मी तर लोणावळ्यात चौथीपर्यंत शिकले, राजाराणीची नावं पाठ केली, इंग्लंडातल्या नद्या पाठ केल्या. बापाला कुणी घेऊन गेलं तर कुठं जायचं, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

नाताळची सुट्टी लागल्यावर मी वाडीला गेले. आबांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. एका डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यानं उजेड आणि रंग तेवढे. तळेगावला हिवाळ्यात डोळ्यांचे डॉक्टर यायचे, शस्त्रक्रिया करायचे. आईनं कितीदा विनवलं होतं, पण तळेगाव रुळांपलीकडे.

ते पडवीत बसले होते. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, ‘‘आबा, तुमच्यावर खटला नाही. कधीच नव्हता.’’

‘‘पर बोललो की म्या.’’

‘‘पोलिसापुढं बोललेलं कोर्ट धरत नाही. मारून बोलवून घेतात, म्हणून कायद्यानंच ते धरत नाहीत.’’

आबांनी मान हलवली. ‘‘धरत न्हाईत मंजी? मानूस मानसापुढं बोलला ते बोललाच की. खोटं बोललो ते मला म्हाईत हाय. पर जीब तर माजीच व्हती न्हवं?’’

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, चोवीस तासांचं, मॅजिस्ट्रेटचं, लेखी हुकुमाचं. ते ऐकत होते. आमच्या लोणावळ्याच्या खोलीत माझा धडा ऐकायचे तसेच, मान थोडी पुढं करून. मग मध्येच त्यांनी विचारलं,

‘‘ह्ये फौजदाराला म्हाईत असतंय का?’’

‘‘त्याला माहीत असतंच, आबा. त्याचं ते कामच आहे.’’

‘‘तवाबी म्हाईत व्हतं?’’

‘‘हो.’’

गोठ्यात रेडकू ओरडत होतं. आबा म्हणाले, ‘‘म्हंजी त्याला म्हाईत व्हतं.’’ मग उठले, भिंत चाचपत गोठ्यात गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. आई भाकरी घेऊन गेली तर म्हणाले, नंतर. मी गोठ्याकडे जायला निघाले तशी आईनं मला अडवलं. म्हणाली, ‘‘राहू दे. इतकी वर्सं त्यांनी सोताला दोष दिला, त्यो आता कुटं ठेवायचा ह्ये त्यांना समजंना झालंय.’’ माझी आई कधी शाळेत गेली नव्हती, पण आबांना तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा आपण होऊन म्हणाले, ‘‘चल, डोळं दाखवू.’’

माझ्या भावानं त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. नदीला पाणी कमी होतं. पाण्यात पाय घातल्यावर ते क्षणभर थांबले, मग चालले. कामशेतला पोचलो तेव्हा गाडीला अवकाश होता. स्टेशनाबाहेर भजी तळण्याचा वास येत होता, बायका टोपल्या उतरवून बसल्या होत्या. आबा मान वळवून वळवून आवाज ऐकत होते. म्हणाले, ‘‘लय गर्दी झाली आता.’’ त्यांच्या तोंडावर मला जरासं हसू दिसलं. मी भावाला तिकिटं काढायला पाठवलं.

तेवढ्यात समोरून पोस्टमन आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. साधा, म्हातारा पोस्टमन, मला ओळखणारा. तो मला बघून थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘‘काय बाई, इकडं कुठं?’’

आबांना फक्त खाकी रंग दिसला आणि आवाज ऐकू आला. त्यांनी माझ्या हातातून हात ओढून घेतला. मी म्हणत होते, ‘‘पोस्टमन आहेत, आबा, टपालवाले.’’ पण ते ऐकतच नव्हते. ते खाली बसले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, ‘‘जातो, सायेब. चुकून आलो. पोरीनं आनलं.’’

पोस्टमन बिचारा गोंधळून गेला. त्यानं पिशवी खाली ठेवून त्यांना उठवायला हात पुढं केला, तर आबांनी डोकं हातांनी झाकून घेतलं. सगळे बघत होते. गाडी आली आणि गेली. आम्ही नदीच्या वाटेला लागलो. वाटेत ते एकदाच बोलले. ‘‘तू सांगतीस ते खरं असंल, पोरी. पर माज्या अंगाला ते कुटं ठावं हाय?’’

पुन्हा त्यांना आणायचा आम्ही प्रयत्न केला नाही. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी दुसराही डोळा गेला. वाडीत कुणीतरी झेंडा आणला, पोरांनी तो लिंबाच्या झाडाला बांधला. आबांनी त्याचं कापड हातात धरून बघितलं आणि आईला विचारलं, ‘‘आता फौजदार आपलाच का?’’ आई म्हणाली, ‘‘व्हय, आपलाच.’’ त्यांना त्यानं बरं वाटलं की नाही ते कळलं नाही. त्याच्या पुढल्या थंडीत ते गेले. ताप आला होता, छाती भरली होती. डॉक्टर कामशेतला होता. डोलीत घालून नेतो म्हटलं तर त्यांनी पडवीचा खांब धरून ठेवला.

माझी बदली त्यानंतर कान्ह्याजवळच्या एका गावात झाली. तिथे मी दुपारी बायकांचा वर्ग घेऊ लागले. आधी अक्षरं, सह्या. मग दिल्लीला राज्यघटना मंजूर झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मी तो अंक वर्गात नेला. घटना म्हणजे काय हे मला तरी नीट कुठं माहीत होतं? वकिलांकडून जेवढं समजून घेतलं होतं, तेवढं साध्या भाषेत सांगितलं. कुणाला पकडलं तर कारण सांगावं लागेल. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागेल. आपला वकील देता येईल. कुणाकडून बळजबरीनं वेठ घेता येणार नाही. देशात कुठेही जाता येईल, राहता येईल.

बायका ऐकत होत्या, पण लग्नातल्या मंगलाष्टका ऐकाव्यात तशा. मग मी अंक बाजूला ठेवला आणि आबांची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघींत, माझे वडील म्हणून. गोष्ट संपल्यावर एकीनं पदरानं नाक पुसलं. मागे ठाकरवाडीची एक बाई बसायची, मोळ्या विकून वर्गाला यायची, तिची अजून अ-आ-इ-ईसुद्धा पुरी झाली नव्हती. तिनं विचारलं,

‘‘बाई, कारण इचारलं आन् त्येनी आनकी मारलं, तर?’’

घटनेत त्याचं उत्तर असेल, पण चौकीच्या बंद दारामागे कोण काय वाचून दाखवणार? मी तिला म्हटलं, ‘‘मारतीलही. म्हणून आत गेलेल्यानं एकट्यानंच ठाऊक असून भागत नाही. बाहेर राहिलेल्या माणसाला ठाऊक पाहिजे. घरातलं माणूस दुसऱ्या दिवशी आलं नाही, तर आपण चौकीपुढं बसून राहायचं नाही. कोर्टात जायचं. माझा माणूस चौकीत आहे, त्याला पुढं आणा, म्हणायचं.’’

‘‘माजा मानूस चौकीत हाय, त्येला म्होरं आना,’’ ती हळूच म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली. शेजारणीनंही ओठ हलवले.

‘‘आन् त्ये कोर्ट कुटं आसतंय?’’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी घटना सांगितली आणि हेच सांगायचं राहून गेलं होतं. मी पाटी घेतली आणि वडगावच्या स्टेशनापासून कोर्टापर्यंतचा रस्ता काढायला लागले.